एकाच जीन्सची पाच वर्षं

आपल्या जीन्स कुणीतरी मुद्दाम फाडतंय. नाव घेत नाही, पण ज्याचं काम आहे त्याला ते बरोबर माहीत आहे! एवढं जाड कापड, दुहेरी शिलाई, खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या टिकल्या, आणि दीड वर्षात मांडीतून उजेड दिसायला लागतो? "झिजली असेल," असं लोक म्हणतात आणि नवीन घ्यायला निघतात. मी पर्यावरणशास्त्रात एम. एस्सी. केलंय. "झिजली असेल" हे उत्तर मला चालत नाही. झिजली म्हणजे कुणीतरी झिजवली!

जळगावात नानांच्या टेलरिंगच्या दुकानात दर रविवारी सकाळी आमचा दुरुस्ती कट्टा भरतो. लोक फाटके कपडे आणतात, नाना आणि आम्ही शिकाऊ मंडळी ते फुकट शिवून देतो. नानांच्या कपाटात वर्षानुवर्षं कुणी न्यायलाच न आलेल्या कपड्यांचा ढीग आहे. किस्स्यांचंही तसंच झालंय. लोक टाकून जातात, परत न्यायला कुणी येत नाही. त्यातले थोडे आज बाहेर काढते.

*

पहिला माझाच.

कट्टा सुरू केला तेव्हा मी आईला घेऊन बाजारात गेले आणि एक साधी निळी जीन्स घेतली. दुकानातले जुने सेल्समन चंपालालजी. चाळीस वर्षं गादीवर बसून कापड उलगडणारा माणूस. म्हणाले, "बेटा, ही घे. दहा साल बघायचं काम नाही."

विकणारा माणूस इतक्या प्रेमाने बोलला की मला पहिला संशय त्याचाच येतो. मी म्हटलं, "लिहून देता?"

"लिहिलेलं पण धुतल्यावर जातं, बेटा!"

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये मी शंभरेक मुलांसमोर जाहीर केलं, की पुढची पाच वर्षं मी हीच एक जीन्स वापरणार. जीन्स बनवायला पाणी लागतं, आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा लाज वाटायला हवी, वगैरे. मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. "ताई, तुम्ही मध्येच दुसरी आणाल आणि हीच ती म्हणाल!"

मला राग नाही आला. उलट बरं वाटलं. संशय घेणारं कुणीतरी आहे! मी तिथल्या तिथे नानांना बोलावलं. त्यांनी कमरेच्या पट्टीच्या आत लाल दोऱ्याने तीन उभे टाके घातले. तसे टाके अख्ख्या जळगावात दुसऱ्या कुणाला जमत नाहीत. सत्तावीस मुलांनी वहीत सह्या केल्या, आम्हीही जुनंच वापरू म्हणून.

घरी येऊन मी आईला सांगितलं, "ही जीन्स पाच वर्षांच्या आत गेली तर माझी अब्रू गेली. मग कट्टा बंद. मी सरळ पुण्याला जाऊन कंपनीत नोकरी धरणार. बसा मग तू आणि बाबा दोघंच!"

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "किती वर्षं म्हणालीस?"

"पाच."

"बरं."

*

आमच्या कट्ट्यावरचा सगळ्यात उत्साही कार्यकर्ता तुषार. खतांच्या कंपनीत आहे, दिवसभर मोटरसायकलवर. त्याची जीन्स मांडीच्या आतून सहा महिन्यांत गेली. आला तोच ओरडत: "नाना, कंपनीवाले चोर आहेत! आत काहीतरी घालतात, बरोबर सहा महिन्यांनी फाटावी म्हणून!"

मला हे एकदम पटलं. मी तक्रार अर्जाचा मसुदासुद्धा लिहायला घेतला.

नाना उठले, दुकानाबाहेर गेले आणि तुषारच्या गाडीच्या सीटवरून हात फिरवला. रेक्झिन फाटलेलं, आणि त्यावर या पठ्ठ्याने खाकी चिकटपट्टी लावलेली. उन्हात ती पट्टी वाळून करवतीसारखी झाली होती.

"जीन्सला काय शिवू? सीट शिवून आण," नाना म्हणाले.

महिन्याने तुषार नवी कोरी जीन्स घालून हजर! मी भडकले. "अरे, सीट बदलली ना?"

"बदलली ना ताई. पण नवीन सीटवर जुनी जीन्स बरी दिसत नव्हती."

*

गजूभाऊ चोपड्याकडचे. केळीचा माल भरून देण्याचं काम करतात. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळपट डाग पडतो आणि तो जन्मात निघत नाही. त्यांच्या जीन्सला दोन्ही गुडघ्यांवर बशीएवढी गोल भोकं पडलेली. इतकी गोल, की मला घातपात वाटला!

"कुणाशी भांडण?" मी विचारलं.

गजूभाऊंनी बायकोकडे पाहिलं. वहिनी हाताची घडी घालून उभ्या. नानांनी भोकाच्या कडेवर अंगठा फिरवला. "वहिनी, काय लावलं होतं?"

"वजरी," वहिनी म्हणाल्या. पायाच्या टाचा घासायची, ती वजरी! "तीन दिन घासं मी. डाग गया ना? मंग!"

"डाग गेला," गजूभाऊ म्हणाले, "जाताना गुडघे घेऊन गेला."

हा किस्सा मी घरी हसत हसत सांगितला. बाबा हसले. आई हसली नाही. "वजरीने खरंच एवढं जातं?" एवढंच विचारलं तिने.

*

इंटरनेटवर कुणीतरी सांगितलं होतं की जीन्स धुवायचीच नाही, म्हणजे ती टिकते. वास आला तर फ्रीजरमध्ये ठेवायची. तुषारने चार महिने हा प्रयोग केला. पाचव्या महिन्यात कट्ट्यावर त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या.

मग एका रविवारी त्याच्या आईने मटार काढायला फ्रीजर उघडला. आत बर्फ धरलेली जीन्स! तिने तिथूनच फोन केला. तुषारचा फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्या कट्ट्याने ऐकलं: "तुषार, तू घरी ये. आधी तुला गोठवते, मग तिला धुते!"

नानांनी मात्र ती जीन्स न धुताच मागवून घेतली आणि पुढच्या रविवारी उन्हात धरून सगळ्यांना दाखवली. गुडघ्यामागच्या घड्यांमध्ये बारीक माती बसली होती आणि तिथेच धागे तुटले होते. "धूळ म्हणजे पॉलिशपेपर," ते म्हणाले. "रोज धुतलं तरी जातं, नाही धुतलं तरी जातं. चार-पाचदा घातली की एकदा. उलटी करून, गार पाण्यात, हाताने."

"हे इंटरनेटवर का नाही सांगत?" तुषार म्हणाला.

"माझी सही चालत नाही तिकडे!"

*

एक बाई वरणगावहून आल्या. मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. "दिवसाचे बारा तास बसून असतो हो," त्या कौतुकाने सांगत होत्या. "बसून बसून जीन्सची वाट लागली."

नानांनी जीन्स उलटसुलट केली. मीही वाकून पाहिलं. बसायची जागा कोरी करकरीत! फाटली होती ती खालची किनार, टाचांपाशी. चालून चालून चिंध्या झालेल्या.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं, कारण सत्य हे सत्य असतं आणि ते सांगितलंच पाहिजे. नानांनी माझ्या पायावर पाय दिला.

"अक्का, लांबी जास्त आहे, म्हणून खाली घासते," ते म्हणाले. "दीड इंच मोडून देतो, टिकेल."

बाईंनी जीन्स घेतली. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आल्या. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "नाना, मागची बाजू थोडी घासून देता का? याचे बाबापण बघणार आहेत."

*

आता घरातलं. दुसऱ्या वर्षापासून माझा संशय आईवर होता. ती मूळची धुळ्याकडची. कपडे धुणं म्हणजे तिच्या लेखी कपड्याला धडा शिकवणं. बडवायची मोगरी, सोडा, ताठ केसांचा ब्रश, आणि नंतर गच्चीतलं ऊन! आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन निळ्या रंगाला आठ दिवसांत पांढरं करतं.

मी नळाच्या वर नियम चिकटवले. जीन्स फक्त मीच धुणार. उलटी. गार पाणी. सोडा नाही, ब्रश नाही. पिळायची नाही. सावलीत वाळवायची. खिशात किल्ल्या ठेवायच्या नाहीत. धागा सुटला की त्याच दिवशी टाका.

आईने चष्मा लावून सगळं वाचलं. "काय वं पोरी! तू झाली तेव्हा डॉक्टरनेपण एवढं सांगितलं नव्हतं!"

एकदा मी दुपारी अचानक घरी आले. गच्चीतून धप्प धप्प आवाज. वर धावले तर आई भर उन्हात बसून एक निळी जीन्स मोगरीने बडवतेय! शेजारी सोड्याची पुडी. कठड्यावर वजरी.

"आई!"

ती इतकी दचकली की मोगरी हातातून सुटली. "तुझी नाही! शेजारच्या वहिनींच्या नीलेशची. त्यांचा हात दुखतो."

मी विश्वास ठेवते होय! तशीच खाली पळाले, कपाट उघडलं. माझी जीन्स घडी घालून जागच्या जागी. लाल टाके मोजले. तीन. मग जिवात जीव आला. परत वर जाऊन आईला म्हटलं, "वहिनींना सांग, असं धुतलं तर वर्षभरात पोतेरं होईल!"

"सांगते," आई म्हणाली. आणि तिने ती जीन्स नीट ताणून पत्र्यावर उन्हात पसरली. सुलटी!

*

तिसऱ्या वर्षी माझे गुडघे गेले. म्हणजे जीन्सचे. बोट लावलं तर पलीकडून बोट दिसायला लागलं. मी जीन्स घेऊन नानांकडे धावले. वहीतल्या सत्तावीस सह्या डोळ्यांसमोर दिसत होत्या.

नाना म्हणाले, "आठ दिवस ठेव."

"आठ? तुम्ही तर रफू बसल्या जागी करता!"

"याला वेळ लागेल."

आठ दिवस मी रोज दुकानावरून चकरा मारल्या. एकदा तर आईला तिथून बाहेर पडताना पाहिलं. तिच्या हातात पिशवी. "ब्लाउज टाकायला आले होते," म्हणाली. नवव्या दिवशी जीन्स मिळाली आणि मी थक्क झाले. रफू दिसतच नाही! उजेडात धरली, डोळे मिटून बोट फिरवलं, भिंगाने पाहिलं. एक धागा वेगळा लागेल तर शपथ! लाल टाके मात्र तसेच, तीन.

रविवारी मी ती सगळ्या कट्ट्यापुढे फिरवली. "बघा! याला म्हणतात कारागिरी! आणि लोक नवीन घ्यायला धावतात!"

तुषार डोळे बारीक करून म्हणाला, "नाना, माझ्या वेळी तर मैलावरून ठिगळ दिसत होतं."

नाना सुईत दोरा ओवत होते. तो काही ओवला जाईना.

"नाना, हे रफू आम्हाला शिकवा ना," मी म्हटलं.

"हे शिकवता येत नाही पोरी," नाना मशीनकडे बघत म्हणाले. "याला घरचं माणूस लागतं."

*

गेल्या महिन्यात पाच वर्षं पूर्ण झाली. त्याच कॉलेजात, त्याच हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. नवीन मुलांनी तर आधीच वहीत सह्यांची रांग लावलेली. पहिल्या रांगेत नाना, तुषार, आई, बाबा. जिथून जीन्स घेतली त्या दुकानाच्या शेठजींनाही बोलावलं होतं. त्यांना दोंडाईच्याला लग्नाला जायचं होतं, म्हणून त्यांनी चंपालालजींना पाठवलं.

मी टेबलावर जीन्स पसरली. कमरेची पट्टी उलटून लाल टाके मोजून दाखवले. एक, दोन, तीन! टाळ्या. मी सांगितलं की कापडावर प्रेम केलं तर कापड साथ देतं. पाच वर्षांत माझी कंबर दोन इंचांनी वाढली, तरी ही जीन्स मला आजही बरोबर बसते. कारण चांगलं डेनिम माणसाबरोबर हळूहळू सैल होत जातं! मुलांनी हे लिहून घेतलं. संशय घेणारी एकही मुलगी उठली नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

कार्यक्रमानंतर चहा होता. मी पुण्याला जात नाही, कट्टा आता धुळ्यातही सुरू करणार, असं मी सगळ्यांना सांगत होते. आई समोशाची बशी घेऊन उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. नाना भिंतीवरच्या कॅलेंडरवर उलटून गेलेल्या तिथ्या वाचत होते.

चंपालालजी टेबलापाशी गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी जीन्सचा काठ दोन बोटांत धरला, सवयीने थोडा ताणला आणि मान डोलावली. मग जाता जाता माझ्यापाशी थांबले.

"बेटा, बरं झालं भेटलीस. आईंना सांगून ठेव, कंपनीने हा पीस बंद केला. या दिवाळीला त्यांना दुसरा दाखवावा लागेल."