शिवराईची गुळगुळीत बाजू

देवाची भांडी घासायला चिंच भिजवली, की तिच्या वासानं मी अजून निपाणीच्या मोरीत जाऊन पोचते.

लक्ष्मीपूजनाची सकाळ होती. बोरगावच्या शेतात सापडलेली तांब्याची शिवराई आई पूजेसाठी चिंच आणि विटेच्या पुडीनं घासत होती. एक बाजू लखलखली. तिनं नाणं उलटवलं, तोच जुनी नाणी जमवणारे मामा दारातून म्हणाले, "आक्का, घासू नको."

"काळं नाणं लक्ष्मीपुढं ठेवू व्हय?"

मामांनी ते साबणाच्या कोमट पाण्यात सोडलं. पाणी हळूहळू गढूळ झालं. मग नाणं कडेनं धरून त्यांनी मऊ फडक्यानं नुसतं टिपलं. काळ्या अंगावर 'श्री राजा शिव' उमटलं होतं.

आईनं लगेच लखलखती बाजू वर केली. तिथं एकही अक्षर उरलं नव्हतं.

"मीच पुसलं की रं," ती हळूच म्हणाली.

संध्याकाळी तिनं शिवराई काळी बाजू वर करून मांडली.

आई आता नाही. पूजेआधी मी नाणं नुसतं टिपते. अक्षरं सगळेच बघतात. माझं बोट मात्र खालच्या गुळगुळीत बाजूवर फिरतं. तिथं तिचा अंगठा फिरला होता.