काळा रुपया, लख्ख रुपया

ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. ठाण्यातल्या माझ्या टेबलावर राणीछाप चांदीचे दोन रुपये होते, एक काळपट आणि एक लख्ख. समोर एक म्हातारा दुकानदार बसला होता आणि त्याची अब्रू त्या दोन नाण्यांवर अवलंबून होती. मोठ्या गुन्ह्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ही लहान केस सांगावीशी वाटते. नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. मी जुन्या शहरातल्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. वडील बीरगांवला कारखान्यात कामाला होते आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. जुन्या नाण्यांचा शौक असतो, त्यांची प्रत ठरवून खरेदी-विक्री होते, हे मला या केसमुळेच कळलं.

तक्रारदार तेलीबांध्याला राहणारे, नव्या सचिवालयातले मराठी अधिकारी होते. त्यांनी आपला एक दुर्मीळ रुपया बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या या दुकानदाराकडे गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवला होता. सौदा जमला नाही. दिवाळीच्या आठवड्यात दुकानदाराने नाणं कागदाच्या पुडीत बांधून परत केलं. या धंद्यात अशा वेळी पावती नसते आणि पुडी समोर उघडूनही पाहत नाहीत. ते अविश्वासाचं लक्षण मानतात. दिवाळी झाल्यावर साहेबांनी कपाटातून पुडी काढली, तर आत चकचकीत नाणं.

"माझ्या नाण्यावर शंभर वर्षांची काळी झाक होती," ते म्हणाले. "तीच त्याची प्रत. याने ते ठेवून घेतलं आणि मला हे घासलेलं दिलं."

अर्ज चौकशीला घेतला. गुन्हा अजून नोंदवला नव्हता, पण वरून फोन आला होता. त्यातच तलावाजवळच्या पानवाल्याने खबर दिली, "साहब, बुढ़ऊ आज बिलासपुर की पार्टी को पुराना रुपया दिखाने वाला है." आम्ही साध्या कपड्यांत गेलो. दुकानाच्या गल्ल्यात काळपट रुपया सापडला. पंचनामा करून दुकानदाराला ठाण्यात आणलं. गल्लीतले लोक स्कूटर थांबवून बघत होते.

तक्रारदारांनी तो रुपया पाहिला आणि म्हणाले, "अगदी असंच होतं माझं."

दुकानदार त्याच्या नागपूरकडच्या मराठीत शांतपणे म्हणाला, "असंच होतं, साहेब. हे नव्हतं. हे दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आहे. तुमचं ते चमकते ते."

"मग चमकतंय कसं?" मी आवाज चढवला.

"ते मले काय माहीत? मी दिलं तवा काळंच होतं. चाळीस वर्षं झाले धंदा करून राहिलो, नाण्याच्या तोंडावर आंगठा ठेवला नाही कधी. मी काहून घासीन? धुतलं का नाणं मेलं." मग हळूच म्हणाला, "अटक करा, पण कोर्टात पायी नेऊ नका. इथं आणताना गल्लीनं पाह्यलंच, आता तसं पाह्यलं, तर मले पुडी कोण देईन?"

चौकशीत खोटं बोलणारा माणूस बहुधा सुटकेची भाषा बोलतो. हा पुडीची बोलत होता. मी त्याचंच भिंग घेतलं आणि लख्ख रुपया खिडकीपाशी नेला. राणीच्या मुकुटाखाली वेणीची नक्षी आहे. त्या खाचेत बारीक लाल कण होते.

हवालदार म्हणाला, "जंग होही, साहब."

चांदीला गंज चढत नाही. आणि तो लाल रंग मला ओळखीचा होता. आमच्या घरात चांदीचा एकच रुपया होता. आई दर धनत्रयोदशीला तो चिंचेने घासायची, पाटावर ठेवायची आणि कुंकू वाहायची.

"तुमच्याकडे नाणी पूजेत मांडतात?" मी दुकानदाराला विचारलं.

"आम्ही तराजू पुजतो. गिऱ्हाइकाच्या मालाले कुंकू लावीन का मी?"

त्याला पाणी द्यायला सांगून मी तक्रारदारांसोबत तेलीबांध्याला गेलो. त्यांच्या पत्नी नागपूरच्या होत्या. त्यांना तक्रारीचा पत्ताच नव्हता. मी रुपया पुढे केला आणि एवढंच विचारलं, "वहिनी, हा ओळखता?"

"हो, पूजेतला आहे. कपाटात पुडीत होता. लक्ष्मीपुढे काळा कसा ठेवायचा? चिंचेनं चांगला घासला आणि मग होता तसा पुडीत ठेवला. का हो भाऊ?"

साहेब एकदम म्हणाले, "तुला आठवत नसेल नीट. तो दुसरा असेल."

दारात पोलीस आणि नवरा नाही म्हणायला वाट काढून देतोय, यावरून काय झालं असावं हे त्यांना उमगलं. त्या माझ्याकडे वळल्या. "कोणाले पकडलं का?"

मी सांगितलं.

"मग चला, मी येते ठाण्यात. मीच घासला तो." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही पण चला. आणि परत येताना त्यांना दुकानापर्यंत सोडायचं, आपल्या गाडीतून. लोकं पाहतील असं."

त्यांचा जबाब झाला, साहेबांनी अर्ज मागे घेतला, काळपट रुपया दुकानदाराला परत केला. संध्याकाळी बूढ़ापाऱ्यात गल्लीच्या तोंडाशी साहेबांची सरकारी गाडी थांबली आणि साहेब स्वतः दार धरून उभे राहिले. मग दुकानात बसून त्यांनी चहा घेतला. दुकानदाराने लख्ख रुपयाकडे पाहून मान हलवली. "आता विकू नका, साहेब. वहिनीले देऊन टाका."

पोलिसाला पुरावा लागतो, पण पुरावा बोलायला माणूस लागतो. भिंगाखाली कुंकू दिसलं ते आईमुळे. वहिनी "आठवत नाही" म्हणाल्या असत्या, तर ते कण नुसते लाल कण राहिले असते. या दोघींचे आभार मी कुठल्या केस डायरीत लिहू शकलो नाही, म्हणून इथे लिहितो.

निवृत्तीनंतर आईचा रुपया घेऊन मी त्या दुकानात गेलो. राणीचा चेहरा घासून घासून सपाट झाला होता. म्हाताऱ्याने भिंग लावून तो बराच वेळ पाहिला.

"कोणत्या प्रतीचा?" मी विचारलं.

त्याने नवा कागद घेतला, रुपया पुडीत बांधला आणि माझ्या हातावर ठेवला. मी पुडी उघडून पाहिली नाही.