दोन रकाने आणि झाकलेलं ताट

देव्हाऱ्यातलं निर्माल्य आणि बायकांचे किस्से सारखेच. टाकवत नाहीत, साठत जातात. आम्ही रेवदंड्याच्या चारपाच जणी दर शुक्रवारी मुठीत अक्षता धरून व्रताची कहाणी ऐकतो. यंदा हसण्याजोगं कमीच. आमच्यातल्या सुमनकाकूंचा मुलगा निलेश मासेमारीच्या होडीवर गेला, तो अजून परतला नाही.

त्यातच आमच्या माडीवर मुंबईची मीरा राहायला आली, पीएचडीसाठी. विषय स्ट्रक्चरल अँथ्रोपॉलॉजी! म्हणे, कच्चं-शिजलेलं, पाणी-जमीन अशा जोड्यांचा एकच सांगाडा जगातल्या सगळ्या गोष्टींच्या आत असतो.

आमच्यातल्या शालूवहिनी म्हणाल्या, “सांगाडा बघायचाय? पाला मासा खा! काट्यांनी जीव जाईल!”

•

एकदा मीरानं विचारलं, “शुक्रवारी आंबट का खात नाही?” ती वही उघडून देव, निसर्ग काय काय ऐकायच्या तयारीत.

शालूवहिनी म्हणाल्या, “सासूबाई अजून आहेत ना घरात!”

•

अलिबागला मीराच्या मित्राचं चित्रप्रदर्शन होतं, आम्हीही गेलो. मीरा सांगत होती, सांगाड्याच्या या विचारानं चित्रकारांनाही नवी नजर दिली. कॅनव्हासवर अर्धे तांदूळ, अर्धा भात. शालूवहिनींनी सवयीनं हात जोडले आणि चित्रकाराला म्हणाल्या, “नैवेद्यावर तुळशीपत्र राहिलं हो!”

त्यानं खरंच हिरवा ठिपका दिला!

•

मीरानं मुरुड, अलिबागकडच्याही कहाण्या जमवल्या. म्हणाली, “सगळ्यांत हरवलेला माणूस परत येतो.”

काकूंनी विचारलं, “सगळ्यांत?”

“सगळ्यांत, काकू.”

त्या दिवशी काकू पोटभर जेवल्या. मी देवापुढे जास्तीची वात लावली.

•

गेल्या शुक्रवारी मीरानं भिंतीवर तक्ता लावला. दोन रकाने : जिवंतांचं अन्न, पितरांचं अन्न. काकू रोज निलेशचं ताट वाढून ठेवतात, त्याला कुणी शिवत नाही. मीरानं ते पितरांच्या रकान्यात लिहिलं होतं.

काकू वाचत राहिल्या.

“पितरांचं पान उघडं असतं गो, कावळ्यासाठी,” काकू म्हणाल्या. “माझ्या पोराचं मी झाकून ठेवते.”

मीराचा चेहरा उतरला. “चुकले, काकू. इकडच्या रकान्यात घेते.”

काकूंनी तिचा हात धरला. “तिथंही नको लिहू. नुसती जागा ठेव.”

मग अक्षतांची मूठ घट्ट करून बसल्या.

“हं, सांगा कुणीतरी कहाणी.”