बिल्ल्यांची पिशवी

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिण्यात चुका निघतील, निघू द्या. पण त्या संपाचं लोक भलतंच सांगतात, म्हणून लिहितो.

झाशीत आमचा ढलाईचा कारखाना होता. रेल्वेसाठी ब्रेकचे ठोकळे ओतायचो. फाटकावर पितळी बिल्ला दाखवल्याशिवाय आत सोडत नसत. संपात कोणी चोरून कामावर जाऊ नये म्हणून कमिटीने सगळ्यांचे बिल्ले एका पिशवीत घालून माझ्या घरी ठेवले. हा मराठी हेकट आहे, कोणाला देणार नाही, म्हणून. मला त्याची घमेंडच वाटली. ठेवताना सगळ्यांनी गंगाजली, म्हणजे गंगेच्या पाण्याचा गडू, उचलून शपथ घेतली, कमिटी म्हणेल तेव्हाच बिल्ला.

मग कमिटीची माणसं तुरुंगात गेली आणि फाटकावर कागद लागला. शनिवारी दुपारच्या भोंग्याआधी जो बिल्ला घेऊन येईल तो कामावर, बाकीचे बाद.

शनिवारी सकाळी माझा भट्टीवरचा जोडीदार दारात आला. झाशीजवळच्या बरुआसागर गावचा, तीन मुलींचा बाप. मागे गल्लीभर माणसं.

"भैया, हमाओ बिल्ला दै दो."

"कमिटी सांगेल तेव्हा."

"कमिटी तो जेल में है."

"मग सुटून येऊ दे."

बायको आतून म्हणाली, "अहो, तुरुंगातून काय तार करणार आहेत तुम्हाला? द्या ज्याचं त्याला."

मी पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलो. त्यांना हिसकावता आली असती. गंगाजली उचललेली होती, म्हणून कोणी हात लावला नाही. ऊन चढलं तरी सगळे तसेच उभे. शेवटी जोडीदाराने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्याहून वयाने मोठा माणूस. तेव्हा मी पिशवी सोडली.

बिल्ल्यांवर फक्त नंबर. निम्म्यांना वाचता येत नव्हते. मी एकेक वाचून देत बसलो. ते धावले, पण वाटेतच भोंगा झाला. फाटक लागलं ते लागलंच.

मला पुढे दुसरीकडे काम मिळालं. जोडीदार बरुआसागरला लोकांच्या शेतात आलं खणायला जाऊ लागला. एकदा बसने गेलो, चूक माझी होती एवढं सांगायला. त्याने खाट ओढून दिली, चहा पाजला. थोरलीची शाळा सुटली, तीही शेतात येते म्हणाला. मी मान हलवली, कप खाली ठेवला आणि परतीची बस धरली.