विहीणबाईंचा ढग

आमच्या विहीणबाई कुणाच्या घरी रिकाम्या हाताने येत नसत, आणि जाताना तर मुळीच रिकाम्या हाताने जात नसत. पर्समध्ये त्यांच्या औषधाच्या रिकाम्या डब्या असायच्या. चहा झाला, खुशाली झाली, की एक डबी निघायची. "विहीणबाई, तुमच्या तुळशीच्या कुंडीखालचं पाणी थोडं नेऊ का?" माझ्या मुलाच्या लग्नानंतर त्या पहिल्यांदा आमच्या डोंबिवलीच्या घरी आल्या, तेव्हा मी साडी, नारळ, पेढे असा सगळा मान काढून ठेवला होता. त्यांनी नारळ घेतला आणि खिडकीतली मेलेली माशी मागितली. मी कागदात बांधून दिली. विहिणीला नाही कसं म्हणायचं?

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. राहायच्या कळव्याला. सगळी नोकरी औषधांच्या कारखान्यात गोळ्या पॅक करण्यात गेली. रिटायर झाल्यावर बायका यात्रेला जातात, ह्यांनी एका बंद पडलेल्या शाळेतला मायक्रोस्कोप घरी आणला. वर्षभराने दुर्बीण आली. दोन्ही गोष्टी पुस्तकं वाचून आणि खटपट करून स्वतःच्या स्वतः शिकल्या. दुर्बिणीला धूळ लागू नये म्हणून जुन्या परकराची खोळ शिवली होती, नाडीसकट. त्यांच्या घरी गेलं की कोपऱ्यात कुणी बाई पाठ करून उभी आहे असंच वाटायचं. मी एकदा तिला "बसा ना" म्हणालेही आहे.

आमची नातवंडं, अन्वी आणि ईशान, ठाण्याला राहतात. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं भिंगआजी. आणि मी कोण, तर डोंबिवलीआजी. म्हणजे त्या कर्तृत्वावर आणि मी पत्त्यावर. तरी शनिवार माझा होता. शनिवारी मुलं माझ्याकडे, रविवारी कळव्याला, असा रीतसर तह झालेला होता. पण कळवा पडलं ठाण्याला खेटून, आणि एक दिवस अन्वीचा फोन आला, "आजी, या शनिवारी भिंगआजीकडेच जाऊ? तिच्याकडे डासाची अंडी आलीयेत." मी इथे थालीपिठाचं पीठ भिजवून बसलेली, आणि मुलं निघाली डासाच्या अंड्यांना. असे एकामागून एक माझे शनिवार जायला लागले.

बरं, रागावावं तर बाई रागावूही द्यायची नाही. एकदा आमच्याकडे जेवायला आल्या, तर मायक्रोस्कोप पिशवीत घालून घेऊन आल्या. पाहुण्यांदेखत माझ्या दह्याचा थेंब काचेवर घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "तुमच्या विरजणात गर्दी चांगली आहे हो." मी दोन दिवस घुश्शात होते. आमचे हे, म्हणजे मुलांचे आबा, म्हणाले, "अगं, कौतुक केलं त्यांनी." पण ईशानने त्या थेंबातल्या बारीक काड्या बघितल्या आणि ताक सोडलं. ते जंतू जिवंत आहेत म्हणे. तेव्हा विहीणबाईंनीच त्याला समजावलं. "अरे, ते पोटात फिरायला जातात. तू तोंड बंद ठेवलंस तर त्यांची सहल रद्द होईल." मग ईशान वाटी तोंडाला लावायच्या आधी "चला, बसा बसा" म्हणायचा. अजून म्हणतो. आता नववीत आहे.

माझ्या तुळशीच्या पाण्यात त्यांना चपलेच्या आकाराचा एक जीव सापडला. तो पोहत जायचा, कशावर तरी आपटायचा, मागे सरायचा, किंचित वळायचा आणि पुन्हा तिथेच जाऊन आपटायचा. मुलांनी त्याचं नाव आबा ठेवलं. आबांना वाईट वाटलं. "मी असा आहे का?" असं त्यांनी मला त्या संध्याकाळी चार वेळा विचारलं, थोडं थोडं वळून.

शेवटी माझा शनिवार जातो कुठे ते बघायला मी स्वतःच एका शनिवारी कळव्याला गेले. दिवाळी होऊन गेली होती, दिवेलागणीची वेळ. गच्चीवर परकर सोडलेली दुर्बीण उभी. "आज शनी बघायचाय," विहीणबाई म्हणाल्या. आबांना तेव्हा साडेसाती चालू होती, दर शनिवारी मारुतीला तेल घालून आम्ही कसेबसे दिवस काढत होतो.

"अहो, त्याची दृष्टी पडू नये म्हणतात, आणि तुम्ही पोरांना त्याच्याकडे टक लावून बघायला लावता?"

"आपण त्याच्याकडे बघतोय, विहीणबाई. त्याला तिथून कळवा थोडंच दिसतंय. ते ठाणे स्टेशनातनं दिसत नाही."

त्यांनी बाजूच्या छोट्या नळीतून नेम धरला आणि मुलांना मागे सारलं. "पहिला मान विहिणीचा."

मी वाकले. आत काळोख होता, अगदी गडद. पण नातवंडं दोन्ही बाजूंनी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि डोंबिवलीचं नाक राखायचं होतं. "वा," मी म्हटलं, "काय सुंदर. कडंसुद्धा दिसतंय. काय तेज आहे."

विहीणबाईंचा हात माझ्या डोक्यावरून पुढे गेला, दुर्बिणीच्या तोंडाशी टक् असा आवाज झाला, आणि तोंडावरचं झाकण त्यांच्या पदराखाली गेलं. ते मला एकटीलाच दिसलं. "थांबा हं," त्या म्हणाल्या, "ढग होता मध्ये. सरला आता. परत बघा."

परत बघितलं, तर जोंधळ्याच्या दाण्याएवढा शनी, कडं घालून, काळ्यात लटकलेला. ईशान विचारतोय, "आजी, दिसलं का? दिसलं का?" आणि मी गप्प. विहीणबाई त्याला म्हणाल्या, "आता दिसलं. खरं दिसलं की माणूस गप्प बसतं."

परतताना रिक्षापर्यंत सोडायला आल्या, पण झाकणाबद्दल अक्षर काढलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या शनिवारात बसायला लागले. शनिवार परत मिळाला नाही, निदान अर्धा तरी मिळाला.

तीनेक वर्षांनी अशीच दिवाळीनंतरची संध्याकाळ होती. नेम आता अन्वी धरायची. मुलांचं बघून झालं, खालून भेळ आली, मग विहीणबाई वाकल्या आणि बोलायला लागल्या. "वा, काय कडं आहे आज. काय रंग आहे." मी चमकले. ही बाई भिंगाला डोळा लावून कधी बोलत नसे. त्या बाजूला झाल्यावर मी डोळा लावला. आत काहीच नव्हतं. भेळ खाईपर्यंत शनी केव्हाच सरकून गेला होता. त्या रिकाम्या काळोखाचं कौतुक करत होत्या. चहात हल्ली दोनदा साखर का पडते, डब्यांवरची अक्षरं एवढी मोठी का झाली, ते सगळं मला एकदम कळलं.

मुलं ऐकत होती. मी मोठ्याने म्हटलं, "ढग आलाय हो मध्ये."

त्या माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "हा ढग काही सरायचा नाही, विहीणबाई. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा मागचा पडदाच गेलाय. जिथे बघायला जावं नेमकं तिथेच काळं."

"नसू दे सरत," मी म्हटलं. "मी बघते आणि सांगते."

पुढच्या शनिवारी दुर्बीण परकर नेसून, नाडी बांधून, रिक्षाने डोंबिवलीला आली. मागोमाग मायक्रोस्कोप, मुलं आणि त्या स्वतः. "शनिवार तुमचाच होता," म्हणाल्या, "मी थोडे दिवस वापरला."

मग आमच्या गच्चीवर त्या खुर्चीत बसायच्या आणि मी भिंगाशी. "काय दिसतंय?" "छान दिसतंय." "छान हा काय आकार झाला? गोल की लांबट? बाजूला ठिपका आहे का? डावीकडे की उजवीकडे? घाई करू नका, गप्प बसून बघा आणि मग सांगा." अशी चार वर्षं माझी परीक्षा चालली. मी छान म्हणायचं सोडलं, तेव्हा कुठे पास झाले.

गेल्या वर्षी त्या गेल्या. सुनेने त्यांचं कपाट आवरलं, त्यात डब्याच डब्या. एकीवर लिहिलं होतं, "डोंबिवली, विहीणबाई, खिडकी." आत माझी माशी होती, काचेवर नीट पंख पसरून बसवलेली.

आबा मात्र दुर्बिणीकडे कधी फिरकले नव्हते. साडेसाती संपली तरी म्हणायचे, "एकदा सुटलोय, आता पुन्हा ओळख कशाला दाखवायची?" यंदा दिवाळीनंतर ईशानने त्यांना हाताला धरून गच्चीवर ओढत आणलं. बाजूच्या नळीतून नेम धरला आणि म्हणाला, "पहिला मान आबांचा." आबा वाकले. एक डोळा घट्ट मिटला. "वा वा," म्हणाले, "अप्रतिम. काय कडं आहे. काय तेज."

मी दुर्बिणीच्या तोंडाकडे बघितलं. हात लांब करून झाकण काढलं आणि पदराखाली घेतलं.

"थांबा," मी म्हटलं, "ढग होता मध्ये. सरला आता. परत बघा."

"कार्तिकात ढग कुठला?" आबा म्हणाले.

"परत बघा म्हटलं ना."

आबा थोडे मागे सरले, किंचित वळले आणि पुन्हा वाकले. आम्ही वाट बघतोय. "आबा, दिसलं का?" ईशानने विचारलं. आबांनी डोळा न काढता नुसता हात वर केला, थांब म्हणून. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस इतका वेळ गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.