रिकाम्या एडिटरमधली सुकेळी

भुतं, शकुन आणि ‘आपली वेबसाइट जागतिक दर्जाची हवी’ म्हणणारे अध्यक्ष... तिन्हींवर माझा विश्वास नाही. तरीही हे लिहितोय.

वसईजवळच्या होळी गावातल्या एका मंडळाची वेबसाइट मी करतोय. तिथल्या बायका आपापल्या पाककृती स्वतःच लिहिणार, म्हणून सोपा आणि कुठल्याही ब्राउझरमध्ये सारखा चालणारा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायची चौकट, निवडायचा होता. अध्यक्षांना फक्त स्वतःचा संदेश सोनेरी अक्षरांत हवा होता.

गोखिवऱ्यातला माझा फ्लॅट, दुपारचे अडीच. चाचणीसाठी मंडळातली निर्मलावहिनी आली होती, येताना पिकलेली राजेळी केळी घेऊन. खोलीभर तो गोड, सुस्त वास. पंखा झोपेत फिरल्यासारखा फिरत होता.

पहिल्या एडिटरने कृतीतल्या पायऱ्यांचे क्रमांक गिळले, दुसरा फोनवर उघडेना. तिसऱ्यात वहिनी सुकेळीची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची, कृती लिहायला बसली. केळी सोलायची, उन्हात मांडायची, संध्याकाळी सुक्या पानात गुंडाळायची... आणि थांबली.

“पुढे?”

“पुढं काय, आंबतात. सासू गेली नि तिचा हात पन गेला. दोन वर्सं सगला माल फेकला. यंदा बिघडली तर सुकेळी बंद, भावजी.”

मी तोच एडिटर दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडला. चौकट रिकामी असायला हवी होती. आत एक ओळ होती —

‘गरम असताना गुंडालू नको. हात लावून बघ, गार होऊ दे. दम धर गो.’

“तुमी लिवलं?”

“मला सुकेळी फक्त खाता येते.”

तिसरा ब्राउझर उघडला — तीच ओळ. फोनवर — तीच. कोड पाहिला, तर आत नुसता रिकामा परिच्छेद. मजकूर साठवायची सोय तर मी अजून जोडलीच नव्हती.

वहिनीने स्क्रीनवरच्या ओळीवरून बोट फिरवलं. खिडकीच्या पडद्यातून आलेलं ऊन तिच्या हातांवर हलत होतं.

“सासू अशीच बोलायची,” ती हळूच म्हणाली. “पन तिला लिवता कुठं येत होतं?”

मी पान रिफ्रेश केलं. चौकट रिकामी. कर्सर लुकलुकत होता.

पंधरा-वीस दिवसांनी वहिनी सुक्या पानांचं एक पुडकं ठेवून गेली. आत मधाच्या रंगाची सुकेळी. “आंबली नाय,” एवढंच म्हणाली.

तिसरा एडिटर घेतला. अध्यक्षांना दिलेल्या टिपणात कारण लिहिलं — सगळ्या ब्राउझरमध्ये मजकूर सारखाच दिसतो. त्यात खोटं काही नाही. फक्त तो मजकूर तिथे आला कुठून, हे मला आजही सांगता येत नाही.