चष्मा पुसणारे गृहस्थ

उस्मानपुऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात काम करणारे एक गृहस्थ माझे रविवारचे सोबती आहेत. मोबाईलवर ठिकाण बघायचं, कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा आणि आतल्या वहीत नाव लिहायचं, हा आमचा छंद. डब्यातली वस्तू घेतली तर तोलामोलाची दुसरी ठेवायची, हा त्यातला रिवाज. त्यांच्या पिशवीत चिमटा, पेन्सिल, कोरडे कागद आणि एक भिंग कायम असतं. बोलता बोलता ते समोरच्याचा चष्मा मागून घेतात आणि पुसून परत देतात.

लेण्यांच्या टेकडीखाली त्यांनी स्वतः एक डबा लपवला होता. त्यात निजामाच्या काळातलं नाणं होतं. मी एकटाच जाऊन ते उचललं आणि बदल्यात एक तुटकं कीचेन टाकलं. वहीत मात्र सवयीनं नाव लिहून बसलो.

पुढच्या रविवारी वहीचे कागद बदलायला ते मला तिथं घेऊन गेले. त्यांनी कीचेन पाहिलं, वहीतलं शेवटचं नाव वाचलं. मी काही बोलणार, तेवढ्यात म्हणाले, "ऊन लई हाय आज."

मग पिशवीतलं भिंग त्यांनी डब्यात ठेवलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"तुमच्या नावापुढं लिहा, भिंग ठेवलं म्हणून. घाईत राहून गेलं असंल."

मी लिहिलं. नाणं माझ्या पाकिटातच होतं. त्यांनी माझा चष्मा मागून घेतला आणि मान वर न करता बराच वेळ पुसत राहिले.